गुडघे, वजन आणि मेडिकलमधली गोळी

मी डॉक्टर नाही. कविता लिहितो. कविता लिहिणाऱ्या माणसानं शस्त्रक्रियेवर बोलावं हे तुम्हाला चमत्कारिक वाटेल. पण माझी थोरली बहीण, तिला आम्ही सगळे आपा म्हणतो, कित्येक वर्षं गुडघ्यांनी आणि वजनानं गांजलेली होती. डिसेंबर २०२१मध्ये तिच्यावर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर चौदा महिन्यांनी माझ्या हातून एक चूक घडली आणि ती आपाच्या जिवावर बेतली. त्या चुकीपायी डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून मला जे समजून घ्यावं लागलं, ते आज तुम्हाला सांगणार आहे. बोलण्याआधी हा मजकूर डॉक्टरांना दाखवून घेतला आहे, तेव्हा त्या बाजूनं निश्चिंत असा.

आपाची उंची पाच फूट. शस्त्रक्रियेच्या आधी तिचं वजन होतं १०९ किलो. वय एकसष्ट. दोन्ही गुडघे बाहेरच्या अंगाला वाकलेले. विट्याच्या घरात स्वयंपाकघरातून पडवीत यायचं तर मध्ये दोन पायऱ्या. तेवढ्यासाठी तिला भिंतीचा आधार लागायचा. खाली बसणं तर केव्हाच सुटलेलं. नमाज खुर्चीवर बसून. तशी शरीयतनं आजारी माणसाला सवलत दिलेलीच आहे, पण कपाळ जमिनीला टेकत नाही याचं तिला फार वाटायचं. मला म्हणायची, "अरे, खुर्चीवरून केलेला सजदा म्हणजे लांबून केलेला सलाम."

हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं की ते एक्स-रे बघून सांगत, गुडघे बदलावे लागतील, पण आधी वजन उतरवून या. वजन उतरवायला चालायला हवं, आणि चालायला गुडघे हवेत. या फेऱ्यात तिची आठ-नऊ वर्षं गेली.

गुडघ्यात नेमकं काय बिघडतं ते आधी सांगतो. दोन हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं. या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ती एकदा झिजली की जखम भरावी तशी भरून येत नाही. आपण सपाट रस्त्यावर साधं चालतो तेव्हासुद्धा गुडघ्यावर आपल्या वजनाच्या दुपटी-तिपटीनं भार पडतो. जिना चढताना आणखी जास्त. २००५ साली अमेरिकेत वजनदार आणि गुडघेदुखी असलेल्या वयस्क माणसांचं चालणं मोजून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वजन एक किलोनं उतरलं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोनं कमी होतो, असं त्यात आढळलं. आपाचं वजन वर्षभरात ३५ किलोनं उतरलं. पस्तीस चोक एकशे चाळीस. एवढ्या मोठ्या घटीला हा हिशेब जसाच्या तसा लावता येईलच असं नाही, पण दिशा कळायला पुरेसा आहे. एका पावलाला धान्याचं एक भरलं पोतं कमी, आणि माणूस दिवसाला काही हजार पावलं टाकतो.

मात्र सगळं भारावरच असतं असंही नाही. जाड माणसांच्या हाताच्या बोटांचे सांधेही जास्त प्रमाणात झिजतात, आणि हातांवर तर कुणी चालत नाही. शरीरातली चरबी ही नुसती साठवण नसून दाह वाढवणारे रासायनिक पदार्थ रक्तात सोडणारी एक पेशींची वस्ती आहे, हे अलीकडच्या काही दशकांत स्पष्ट झालं. म्हणून चरबी घटली की भार न पेलणारे सांधेही काहींचे हलके होतात.

आणखी एक खुलासा इथंच करतो. आपण सगळ्यालाच 'संधिवात' म्हणतो. आपाला होता तो झिजेचा. दुसरा असतो ऱ्हुमॅटॉइड, ज्यात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. तिसरा यूरिक अॅसिडचा, म्हणजे गाऊट. वजन उतरल्याचा सगळ्यांत सरळ फायदा झिजेच्या प्रकाराला होतो. ऱ्हुमॅटॉइड त्यानं बरा होत नाही. त्याची औषधं चालूच ठेवावी लागतात, आणि शस्त्रक्रियेच्या आसपास कोणतं किती दिवस थांबवायचं हे त्या विकाराच्या डॉक्टरांनी ठरवायचं असतं. गाऊटची एक वेगळीच गंमत आहे, ती पुढे येईल.

आता शस्त्रक्रिया. सध्या दोन प्रकार जास्त चालतात. एकात जठराचा सुमारे तीन चतुर्थांशाहून अधिक भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. तिला स्लीव्ह म्हणतात. दुसऱ्यात जठराच्या वरच्या टोकाला लिंबाएवढी पिशवी करून तिला लहान आतडं खालून आणून जोडतात. उरलेलं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग अन्नाच्या वाटेतून बाजूला पडतो. तिला बायपास म्हणतात. गावाला वळसा घालून जाणारा बायपास रस्ता असतो ना, तसाच. दोन्ही दुर्बिणीतून होतात. या शस्त्रक्रियांनी भुकेशी संबंधित संप्रेरकंही बदलतात, त्यामुळे नुसतं 'पोट लहान केलं' एवढंच त्यात नसतं.

कुणाला ही शस्त्रक्रिया करायची हे ठरवताना किलोंमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, असा एक आकडा काढतात. त्याला बीएमआय म्हणतात. आपाचा ४७ होता. या क्षेत्रातल्या दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ साली ३५ आणि त्यावरच्या सर्वांना शस्त्रक्रिया सुचवावी अशी शिफारस केली, आणि आपल्या आशियाई लोकांना कमी वजनातच मधुमेह वगैरे गाठतो म्हणून आपल्यासाठी ती मर्यादा २७.५ इतकी खाली आणली. विम्याचं गणित मात्र निराळं आहे. विमा नियामकानं २०१९ साली ठरवून दिलेल्या नमुना कलमानुसार बीएमआय ४० किंवा जास्त असावा लागतो. ३५ ते ४०मध्ये असाल तर सोबत ठरावीक आजार लागतात. त्यात हृदयविकार आहे, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार आहे, आटोक्यात न येणारा मधुमेह आहे. गुडघे नाहीत. ज्यांचं सगळं आयुष्य गुडघ्यांनी अडवलंय त्यांनी आपली पॉलिसी आधी नीट वाचावी, एवढंच सांगतो.

आपाला मधुमेह होता आणि छातीत जळजळ, आंबट पाणी वर येणं हा त्रास जुना होता. स्लीव्हनंतर ही जळजळ वाढू शकते, म्हणून पुण्याच्या सर्जननी बायपास निवडला. निवडण्यापूर्वी त्यांनी एक प्रश्न विचारला होता, तो मला शब्दशः आठवतो. "गुडघ्यांसाठी पेनकिलर किती घेता?" आपा म्हणाली, "कधीतरी एखादी."

हे खरं नव्हतं. दिवसाला एक, थंडीत दोन, अशा गोळ्या ती किमान सहा वर्षं घेत होती. भाचा दर महिन्याला मेडिकलमधून स्ट्रिप आणून द्यायचा. ती खोटं बोलली असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे ही गोळी कुणी औषधात मोजतच नाही. चहा किती घेता विचारलं तर जसं 'सकाळ-संध्याकाळ' म्हणतो आणि मधले चार कप विसरतो, तसं. मी शेजारीच बसलो होतो. मीही गप्प राहिलो. डॉक्टरांना खरं कळलं असतं तर बायपास की स्लीव्ह याचा त्यांनी कदाचित वेगळा विचार केला असता. कारण ज्यांना या गोळ्यांशिवाय चालणारच नाही त्यांच्या बाबतीत हा मुद्दा फार महत्त्वाचा असतो.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. त्याच दिवशी संध्याकाळी नर्सनं तिला उभं केलं, दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात चालवलं. पायात रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून हे चालणं लागतं, आणि गुडघेदुखीच्या रुग्णाला ते सगळ्यांत जड जातं. म्हणून कुणाच्या घरी ही शस्त्रक्रिया ठरत असेल तर महिनाभर आधीपासून फिजिओथेरपिस्टकडून मांडीच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घ्यावेत आणि वॉकर आधीच घरात आणून ठेवावा. आम्ही तो दवाखान्यात पोचल्यावर धावपळ करून आणला.

घरी सोडताना फाइल दिली. इंग्रजीत, आठ पानं. पाचव्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की अमुक प्रकारच्या वेदनाशामक गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या नाहीत. सर्जन तोंडीही बोलले होते. आम्ही त्या वेळी 'पाणी कधी, सूप कधी' याच्या नादात. फाइल कपाटात गेली.

वर्षात आपा ७४ किलोवर आली. पडवीच्या दोन पायऱ्या भिंतीला हात न लावता उतरू लागली. गुडघे पूर्वीच्या निम्म्यानंही दुखत नव्हते. तिच्या मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या. घरात सणासारखं वातावरण.

फेब्रुवारी २०२३मध्ये धाकट्या भाचीचं लग्न निघालं. चार दिवस आपा उभी. मेहंदी, हळद, पाहुणे. लग्नाच्या आदल्या रात्री उजवा गुडघा सुजला. मला म्हणाली, "काहीतरी आण रे, उद्या लोकांत लंगडायचं नाही मला." मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो आणि आपण सगळे म्हणतो तसं म्हणालो, "गुडघ्याची चांगली गोळी द्या." त्यांनी दहाची स्ट्रिप दिली. वर इंग्रजीत दोन नावं होती, त्यातलं एक पॅरासिटामॉल. ते नाव ओळखीचं, म्हणून मी निर्धास्त. दुसरं नाव होतं एसिक्लोफेनॅक. ते मी वाचलं नाही.

गोळीनं गुण आला. म्हणून आणखी एक स्ट्रिप आली. दहाव्या-अकराव्या दिवशी तिला शौचाला काळं झालं. काळं म्हणजे डांबरासारखं, चिकट. आम्ही मनावर घेतलं नाही, कारण लोहाच्या गोळ्यांनी काळं होतं हे आम्हाला माहीत होतं आणि ती लोह घेतच होती. तेराव्या दिवशी पहाटे ती मोरीत चक्कर येऊन पडली. मिरजेला नेलं तेव्हा हिमोग्लोबिन सहावर आलेलं. रक्ताच्या पिशव्या चढल्या. दुर्बीण टाकली तर जिथं जठराची पिशवी आतड्याला जोडली होती, नेमक्या त्या जोडावर रुपयाच्या नाण्याएवढा व्रण, आणि त्यातून रक्त.

मी व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. एका तरुण डॉक्टरनं विचारलं, "वेदनाशामक कुणी दिलं?" मी म्हणालो, मी.

असं का होतं ते त्यांनीच मला कागदावर चित्र काढून समजावलं. आपलं जठर आम्ल तयार करतं, आणि ते आम्ल सोसण्यासाठी त्याला आतून श्लेष्मल पदार्थाचा लेप असतो. जठरातून अन्न पुढे गेलं की पहिल्या आतड्यात ते आम्ल मारणारे रस मिसळतात, म्हणून पुढच्या आतड्यावर आम्ल सोसायची वेळच येत नाही. बायपासमध्ये हे पुढचं आतडं उचलून थेट पिशवीला जोडलेलं असतं. थोडं का होईना, आम्ल त्याच्यावर पडतं. त्यात ही गोळी. या गटातली औषधं, म्हणजे डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन वगैरे, शरीरातले प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ कमी करतात. सांध्यात हे पदार्थ दाह वाढवतात, म्हणून दुखणं थांबतं. पण पोटात हेच पदार्थ तो लेप राखतात, अस्तराचा रक्तपुरवठा राखतात. गोळीला सांधा कुठला आणि पोट कुठलं हे कळत नाही.

यातूनच आणखी एक गैरसमज निघतो, जो माझाही होता. मी विचारलं, मग गोळीऐवजी सुई घेतली असती तर? डॉक्टर म्हणाले, तरी धोका आहेच. औषध तोंडातून जावो, सुईतून जावो, ते रक्तातून सगळीकडे पोचतं आणि प्रोस्टाग्लँडिन कमी करतंच. खेड्यापाड्यात कंबर-गुडघ्यासाठी सर्रास जी सुई देतात तीही बहुधा याच जातीची असते. स्टिरॉइडच्या गोळ्यांनीही हा धोका वाढतो. धूम्रपानानं तर फारच. तंबाखू कुठल्याही रूपात नको असं सांगून त्यांनी आपाची मिश्री बंद केली. आपाला सगळ्यांत जास्त राग त्याचाच आला.

हृदयासाठी अॅस्पिरिनची छोटी गोळी चालू असलेल्यांनी मात्र हे ऐकून ती आपल्या मनानं बंद करू नये. तिचं गणित हृदयाच्या आणि वजनाच्या डॉक्टरांनी मिळून मांडायचं असतं. स्लीव्ह झालेल्यांना तो जोड नसतो, त्यामुळे धोका त्यांना तुलनेनं कमी. तरी तिथंही या गोळ्या जपूनच, विचारूनच.

आपा वाचली. आम्ल कमी करणारं औषध कॅप्सूल फोडून, आतले दाणे मोकळे करून घ्यायला सांगितलं. बायपासनंतर तसं घेतल्यानं व्रण लवकर भरतो. तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण टाकली तेव्हा व्रण भरलेला होता.

मग गुडघा दुखला तर घ्यायचं काय? हा प्रश्न आपाला रोजचा होता. पहिलं नुसतं पॅरासिटामॉल. दिवसाला किती, हे डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्यायचं, कारण जास्त झालं तर यकृताला इजा होते. आणि स्ट्रिपवर दुसरं कुठलं नाव नाही ना हे बघायचं. आपल्याकडे गुडघ्याच्या गोळ्यांत पॅरासिटामॉल पुष्कळदा एकटं नसतं. गर्दीत शिरलेल्या पाकीटमारासारखं त्याच्या शेजारी कुणीतरी उभं असतं. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, तेही हिशेबात धरायचं. दुसरं, वरून लावायचं डायक्लोफेनॅकचं जेल. तेच औषध, पण त्वचेतून रक्तात फार थोडं जातं, म्हणून डॉक्टर त्याची परवानगी देतात. तिसरं, गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन. त्यानं काही आठवडे आराम पडतो, पण मधुमेह्यांची साखर काही दिवस चढते. गरम पाण्याची पिशवी आहेच. 'वातावरचं गुणकारी चूर्ण' म्हणून विनानावाच्या पुड्या मिळतात, त्यांत कित्येकदा स्टिरॉइड किंवा हीच वेदनाशामकं कुटून घातलेली सापडली आहेत. त्या वाटेला जायचंच नाही. आणि 'हळूहळू विरघळणारी', चोवीस तास पुरणारी गोळी कुणी लिहून दिली तर बायपास झाल्याचं सांगायचं; वाट तोकडी झालेली असते, तिचं औषध नीट शोषलं जात नाही.

पण गोळ्यांपेक्षा उपयोग झाला तो काठीचा आणि उशीचा. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची असते. आपा आठ वर्षं ती चुकीच्या हातात धरत होती. जिना चढताना आधी चांगला पाय वर, उतरताना आधी दुखरा पाय खाली. उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल गुडघ्याखाली ठेवून तो पाच आकडे मोजेपर्यंत दाबून धरायचा. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायचं, बसायचं. मांडीचा पुढचा स्नायू गुडघ्याचा निम्मा भार उचलतो असं तिचा फिजिओथेरपिस्ट म्हणायचा. निम्मा की किती ते सोडा, पण तो स्नायू सशक्त झाला आणि तिचं चालणं बदललं.

इथं वजन उतरण्याचीच एक उलट बाजू आहे. झपाट्यानं उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. लिंबाएवढ्या पिशवीत मावणार किती? म्हणून जेवणात आधी प्रथिनं. दिवसाला निदान साठ ग्रॅम. अंडं, चिकन, मासे, पनीर, दही, घट्ट डाळ. भाकरी आणि भात नंतर, जागा उरली तर. आमच्या घरात बिर्याणीतला फक्त गोश्त खाऊन उठणारी आपा ही पहिलीच. पाणी जेवताना नाही, मधल्या वेळात घोट घोट. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, बी-१२, लोह हे सगळं आयुष्यभर. त्यातही बायपासनंतर कॅल्शियम सायट्रेट घ्यावं, कारण कार्बोनेट शोषायला आम्ल लागतं. कॅल्शियम आणि लोह यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवायचं. एकत्र घेतली की एकमेकांना अडवतात. आपानं यासाठी पाचही नमाजांच्या वेळा वाटून घेतल्या. जोहरनंतर लोह, असरनंतर कॅल्शियम. तिच्या डॉक्टरांना ही योजना इतकी आवडली की ती त्यांनी डायरीत टिपून घेतली.

रोज्यांचं विचारलं तेव्हा त्यांनी स्पष्ट नाही म्हटलं. २०२२चा रमजान शस्त्रक्रियेनंतर चौथ्या महिन्यात आला, २०२३चा रक्तस्रावानंतर लगेच. दिवसभर पाणी नाही तर शरीर कोरडं पडतं आणि राहिलेलं पाणी थोड्या तासांत एवढ्याशा पिशवीत भरून काढता येत नाही. आपानं फिदया दिला. हेच श्रावणातल्या आणि नवरात्रातल्या कडक उपवासांना लागू आहे. वर्ष-दीड वर्ष उलटल्यावर काय, ते ज्याचं त्यानं विचारून घ्यावं.

शस्त्रक्रियेनंतर नवं दुखणं निघालं तर 'जुनाच संधिवात' म्हणून सोडून देऊ नये. मघाशी म्हटलेली गाऊटची गंमत ही. वजन उतरलं की पुढे यूरिक अॅसिड कमी होतं, पण झपाट्यानं उतरत असतानाच्या पहिल्या काही आठवड्यांत गाऊटचा झटका उलट येऊ शकतो. अंगठा लाल होऊन रात्रीत सुजतो. ज्यांना पूर्वी झटके आलेत त्यांनी शस्त्रक्रियेआधीच सांगावं. प्रतिबंधक औषध देता येतं. दुसरं, वर्षा-दोन वर्षांनी कंबर, बरगड्या, मांड्यांची हाडं दुखू लागली, बसल्या जागेवरून उठवेना, तर ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम तपासायला हवं. उन्हात न जाणाऱ्या आमच्या बायकांत त्याची कमतरता आधीपासूनच असते.

आता मूळ प्रश्न. एवढं करून गुडघे वाचले का? अमेरिकेत दहा रुग्णालयांमधल्या दोन हजारांवर रुग्णांचा पाठपुरावा करून २०१६ साली निष्कर्ष आले. तीन वर्षांनी जवळपास निम्म्यांचं अंगदुखणं लक्षात येण्याजोगं कमी होतं, आणि ज्यांचे गुडघे किंवा खुबे फार खराब होते त्यांतल्या बहुतेकांना सुधारणा होती. पहिल्या वर्षीचा फायदा पुढे थोडा ओसरतो हेही त्यात दिसलं. मेलबर्नमध्ये गुडघे बदलण्यासाठी थांबलेल्या ८२ वजनदार रुग्णांपैकी निम्म्यांची आधी जठराला पट्टा बसवण्याची शस्त्रक्रिया केली; २०२२ साली ते प्रसिद्ध झालं. त्या ४१ पैकी बारा जणांनी नंतर 'आता गुडघा बदलायची गरज वाटत नाही' म्हणून नकार दिला, आणि गुंतागुंतही त्या गटात कमी झाली.

आपा त्या बारांतली नाही. तिची कूर्चा संपलेलीच होती आणि वाकलेलं हाड वजन उतरून सरळ होत नाही. २०२४मध्ये तिचा उजवा गुडघा बदलला. पण ७२ किलोच्या बाईचा गुडघा बदलणं आणि १०९ किलोच्या बाईचा बदलणं यात भुलीचा, जखम चिघळण्याचा फरक असतो. सर्जननी आधी हिमोग्लोबिन, प्रथिनं, ड जीवनसत्त्व ठीक आहे का पाहिलं, मगच तारीख दिली. कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर सरकारनं ऑगस्ट २०१७मध्ये मर्यादा घातली, त्याचाही फायदा झाला. आणि भरती होताना पहिलं वाक्य मी बोललो: "हिचा बायपास झालेला आहे, ती वेदनाशामकं द्यायची नाहीत." गुडघा बदलल्यावर तीच औषधं सगळ्यांना नेहमीप्रमाणे दिली जातात, म्हणून सांगावं लागतं. तिच्या केस-पेपरवर लाल शाईनं लिहून घेतलं.

हल्ली बरेच जण विचारतात, शस्त्रक्रियेपेक्षा ती नवी वजनाची इंजेक्शनं का नकोत? जाड आणि गुडघेदुखी असलेल्या ४०७ जणांवर सेमाग्लुटाइडचा प्रयोग झाला, तो ऑक्टोबर २०२४मध्ये छापून आला. ६८ आठवड्यांत वजन सरासरी साडेतेरा टक्क्यांवर उतरलं आणि वेदना शंभराच्या मोजपट्टीवर सुमारे ४२ अंकांनी घटली. खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांचीही साडेसत्तावीसनं घटली, कारण खाण्याचा आणि व्यायामाचा सल्ला दोघांनाही होता. मला हा आकडा जास्त बोलका वाटतो. औषध थांबवलं की वजन बहुधा परत येऊ लागतं. या इंजेक्शनांचं पोट कापावं लागत नाही, आणि ज्यांचा बीएमआय फार नाही त्यांनी डॉक्टरांशी ते जरूर बोलावं. आपाच्या वेळी हा पर्याय आमच्यासमोर नव्हता.

तिच्या बटव्यात आता एक चिठ्ठी असते. मी मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिली, प्लास्टिकमध्ये घालून दिली. 'माझा गॅस्ट्रिक बायपास झाला आहे. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा या जातीची गोळी अथवा सुई मला देऊ नये.' खाली भाच्याचा आणि माझा फोन. गेल्या पावसाळ्यात डावा गुडघा धरला म्हणून ती स्वतः चालत कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेली आणि चिठ्ठी काउंटरवर ठेवली. तिथल्या मुलानं ती वाचली, हातात घेतलेली स्ट्रिप पुन्हा खणात टाकली आणि जेलची ट्यूब काढून दिली.